एक नंबरची पेटी

१

दुव्याची एक नंबरची पेटी शुक्रवारी सकाळी नाहीशी झाली आणि दुपारी दोन वाजता मला बोलावणं आलं. बोलावणं आलं याचाच मला आधी आनंद झाला, हे कबूल करतो. माणूस एकटा राहायला लागला की दुसऱ्याच्या अडचणीतही त्याला सोबत दिसते.

मी रामकिसन साळवे. गाव करमाड. फौजेच्या सिग्नल्समध्ये अठ्ठावीस वर्षं एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवलं आणि सुभेदार होऊन निवृत्त झालो. आता छावणीत दोन खोल्यांत राहतो. बायको सुलेखा जाऊन चार वर्षं झाली. मुलगा इंदूरला असतो, रविवारी फोन करतो आणि पाऊसपाणी विचारतो. सुलेखा होती तेव्हा ज्वारीचं पीठ मोठ्यानं मोजत परातीत काढायची, तो आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचा. आता माझं एका मापात भागतं, त्यात मोजायचं काय?

आठवड्यातून तीन दिवस मात्र मी शेंद्र्याला जातो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत इंद्रजीत काळे यांचा छोटासा कारखाना आहे. फौजेत रणगाड्यातला पडदा एका कंपनीचा, तोफखान्याची यंत्रणा दुसरीची, विमानविरोधी पलटणीची तिसरीची. प्रत्येक यंत्रणा आपल्या जागी चोख, पण एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. जागा सांगताना एक यंत्रणा आधी पूर्व सांगते मग उत्तर, दुसरी आधी उत्तर. मधे दुभाष्या नसेल तर गोळा भलत्याच टेकडीवर पडायचा. तो दुभाष्या म्हणजे दुवा, जेवणाच्या डब्याएवढी करडी पेटी. माझं काम ती पेटी जवानाच्या कानानं ऐकायचं आणि नावं ठेवायचं. नावं ठेवायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

सोमवारी फौजेचे अधिकारी बारा पेट्यांची चाचणी घ्यायला येणार होते. प्रत्येक पेटीत गुप्त संकेतांची किल्ली भरलेली. त्यातली एक गहाळ.

इंद्रजीतसाहेब खुर्चीत बसलेच नव्हते. नियमाप्रमाणे पाच वाजेपर्यंत फौजेला कळवणं भाग होतं, आणि त्या कागदावर जबाबदार माणसाचं नाव लिहावं लागणार होतं. ते नाव त्यांनी लिहूनही ठेवलं होतं. मला न विचारताच त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला.

नाव होतं सुकेशनी वाघमारे.

२

सुकेशनी आमच्या करमाडची. तिच्या घरातली पहिली इंजिनिअर. वय सव्वीस, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. रोज दुपारी "जयभीम काका" म्हणून माझ्याशेजारी डबा उघडायची आणि माझ्या फौजेतल्या त्याच त्या गोष्टी नव्यानं ऐकल्यासारख्या ऐकायची. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. अशा कागदावर एकदा नाव गेलं की फौजेशी संबंध असलेल्या कुठल्याच कंपनीत तिला कुणी उभं करणार नव्हतं, चौकशी आणि पोलीस वेगळेच. पोरीचा जन्म वाया जाणार होता, आणि मी घड्याळात पाहिलं तर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

किल्ली भरण्याची खोली बंद असते. आत कॅमेरा चालत नाही, मोबाइल चालत नाही, आणि आत कायम दोन माणसं हवीत असा नियम. शुक्रवारी आत होत्या सुकेशनी आणि मदतनीस दगडाबाई. किल्ली भरलेली पेटी एका खिडकीतून पट्ट्यावर ढकलायची आणि ढकलताना माइकपुढं तिचा नंबर म्हणायचा. यंत्र तो नंबर ऐकून लिहून घेतं आणि पुढं पट्ट्यावर पेटीला तेच लेबल चिकटवतं. दुव्यासाठी बनवलेलं हे आवाज ओळखायचं यंत्र साहेबांचं लाडकं. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांतले आकडे त्याला येतात. गुप्ततेमुळे ते आवाज साठवत नाही, फक्त ऐकलेला शब्द लिहून ठेवतं.

त्या दिवशी यंत्रानं दोनपासून बारापर्यंत आकडे लिहिले होते. एक नव्हताच. म्हणजे एक नंबरची पेटी पट्ट्यावर आलीच नाही, ती खोलीतच कुणीतरी दाबली, असा साहेबांचा हिशेब. खोली उपसून झाली होती, दोघींची झडती झाली होती, पेटी नव्हती. तरी साहेबांचं बोट सुकेशनीकडंच होतं, कारण किल्लीची किंमत तिलाच ठाऊक.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, काचेपलीकडं रामेश्वर असतो. शेंद्रा गावचा, सकाळी शेत आणि मग कारखाना. काचेमुळं त्याला आतलं काही ऐकू येत नाही. त्यानं अंग चोरून उत्तरं दिली.

"एक नंबरची पेटी म्या पाहिलीच नाय, सुभेदारसायेब. दोन ते बारा, अकरा पेट्या हिरव्या क्रेटात ठेवल्या. लिहून घ्या."

मी विचारलं, आणखी काय काय आलं पट्ट्यावरून? तो म्हणाला, रोजच्यासारखाच रिजेक्ट माल, तो निळ्या क्रेटात. चाचणीत नापास झालेली रिकामी खोकी नंबर न म्हणता त्याच पट्ट्यावरून पुढं जातात, हे मलाही माहीत होतं. निळा क्रेट बाराच्या टेम्पोनं रिजेक्ट माल साठवायच्या करमाडच्या शेडला गेला होता. साहेबांनी तिथंही फोन केला होता. शेड सांभाळणाऱ्या आवडाबाईनं तपासून सांगितलं होतं, एक नंबरची पेटी इथं नाही.

दगडाबाई पन्नाशीच्या. धनगराच्या, माळावर मेंढरं राखत वाढलेल्या, आता ठेकेदाराकडून कामाला. त्या एवढंच म्हणाल्या, "बारा पेट्या व्हत्या, बारा ढकलल्या." ढकलल्या कुणी, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडं न पाहता सुकेशनीकडं पाहिलं.

आणि सुकेशनीनं माझ्याकडं पाहायचं टाळलं. ती म्हणाली, "मीच मोजल्या काका. मीच ढकलल्या." चार वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलत होती.

३

खोटं बोलतंय हे कळायला फार अक्कल लागत नाही. का बोलतंय ते कळायला लागते. मी साहेबांकडून यंत्रानं लिहिलेले कागद मागून घेतले, आजचा आणि मागच्या महिन्याचे, आणि कँटीनच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. सिग्नल्समध्ये आम्हाला एक शिकवलं होतं: निरोप कळत नसेल तर निरोप्याकडं बघ.

मागच्या महिन्याच्या प्रत्येक कागदावर यंत्रानं लिहिलं होतं: वन, टू, थ्री, फोर. सुकेशनीची ती सवयच. फौजेचं काम म्हणून आकडे इंग्रजीत आणि तोडून तोडून म्हणायची. मीच तिला तसं शिकवलं होतं.

आजच्या कागदावर होतं: दोन, तीन, चार.

साहेबांनी हा कागद दहा वेळा पाहिला होता, पण ते काय नाही तेच बघत होते. आणखी एक गोष्ट होती. पहिल्या ओळीला, दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, यंत्रानं "गोंगाट" असं लिहिलं होतं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, कुणी खोकलं, काही आपटलं, की यंत्र तसं लिहितं. जो शब्द ओळखता येत नाही तो गोंगाट. अशा ओळी रोज असतात.

असतात खऱ्या. पण आजची ओळ बरोबर "दोन"च्या आधी, एका मिनिटाच्या अंतरानं होती. मी ती पेन्सिलीनं अधोरेखित केली आणि तूर्त बाजूला ठेवली.

आधीचा प्रश्न वेगळाच होता. आकडे सुकेशनीचे नव्हते. म्हणजे दहा एक्केचाळीसला सुकेशनी त्या खोलीत नव्हतीच.

४

मी तिला बाहेर लिंबाखाली बोलावलं. कागद पुढं धरला आणि काहीच विचारलं नाही. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा पुसला.

"दहा मिनिटं बाहेर गेले होते काका. फोनसाठी."

फोन गेटवरच्या लॉकरमध्ये जमा असतात. ती गेटवर गेली, सही करून फोन घेतला, बोलली, परत आली. तोपर्यंत दगडाबाईंना म्हणाली होती, मावशी, एवढ्या पेट्या ढकला आणि आकडे म्हणा. आणि नंतर, कुणाला सांगू नका. दगडाबाईंनी शब्द पाळला. किल्ल्यांच्या खोलीत एकाच माणसाला सोडणं हा गुन्हाच होता आणि ते पोरीला पुरतं माहीत होतं.

मी विचारलं, एवढा कुणाचा फोन?

ती म्हणाली, बंगळूरच्या एका कंपनीची शेवटची मुलाखत होती. तीही असल्याच यंत्रणा बनवते. साहेब सुट्टी देणार नाहीत म्हणून चोरून दिली. त्याच फोनवर नोकरी पक्की झाली होती. पुढच्या महिन्यात जायचं होतं.

"तुम्हाला सांगणारच होते. रोज डबा उघडला की ठरवायचे, आज सांगू. मग तुम्ही काहीतरी गोष्ट सुरू करायचात, आणि..."

लिंबाची काडी उचलून मी तिचे तुकडे करत बसलो. मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे एक विचार मनात येऊन गेला: हा कागद गेला तर ही कुठं जाणार नाही. तो विचार क्षणभरच होता, पण होता. म्हाताऱ्या एकट्या माणसाचं मन कुठल्या थराला जातं ते मला त्या लिंबाखाली समजलं.

सव्वाचार वाजून गेले होते. गेटच्या वहीत तिची सही होती. स्पर्धक कंपनीशी बोलायला ती खोलीबाहेर गेली आणि त्याच दहा मिनिटांत पेटी गेली. साहेबांनी ती वही अजून पाहिली नव्हती. पाहिली असती तर त्यांना पाचची वाट पाहायचीसुद्धा गरज नव्हती.

आणि लिंबाखालूनच मला दिसलं, साहेब गेटकडंच चालले होते.

५

आता धावाधाव करून उपयोग नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटण्यापेक्षा एकदा साप आहे का ते बघावं. दगडाबाई कँटीनच्या पायरीवर बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी त्यांच्याजवळ खालच्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, सुकेशनीनं सगळं सांगितलंय, तुमचा शब्द मोडला नाही. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"पोरीचं वाटुळं झालं का वो? म्या बरूबर मोजलं. मेंढरं मोजीत जल्म गेला, बारा पेट्या मोजता येत न्हाईत व्हय?"

मला त्यांच्यावर शंका नव्हती. मला ऐकायचं होतं. दिवसभर सगळ्यांनी त्यांना विचारलं होतं की किती मोजल्या. कशा मोजल्या हे कुणीच विचारलं नव्हतं. पायरीशेजारी धुतलेले चहाचे कप पालथे घातले होते. मी म्हणालो, हे कप त्या ताटात ठेवा, आणि पेट्या मोजल्या तशाच मोठ्यानं मोजा.

त्यांना तो पोरखेळ वाटला, पण त्यांनी पहिला कप उचलला. ताटात ठेवला आणि म्हणाल्या,

"लाभ."

मग दुसरा कप. "दोन." तिसरा. "तीन."

मी म्हणालो, पुरे. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सुलेखा ज्वारीचं पीठ असंच काढायची. पहिलं माप लाभ, मग दोन, मग तीन. खळ्यावर धान्य मोजताना आमच्या आईनंही कधी एक म्हटलं नव्हतं. चार वर्षं तो शब्द माझ्या कानावर पडला नव्हता, कारण एका मापाला मी तोंडच उघडत नव्हतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःलाच म्हणालो.

मी विचारलं, एक का नाही म्हणत?

"एक म्हनू नाय," दगडाबाई म्हणाल्या. "एक म्हनलं की एकटं ऱ्हातंय. लाभ म्हनलं की मागून दुसरं येतंय."

मी उठलो. पंचवीस मिनिटं उरली होती. साहेब गेटवरून परत येत होते, आणि त्यांच्या हातात वही होती.

६

साहेबांना मी बोलू दिलं नाही. सुभेदारानं मालकाला गप्प बसवलं असं पहिल्यांदाच घडलं. मी म्हणालो, आधी गाडी काढा, रस्त्यात सांगतो. सुकेशनी आणि रामेश्वरलाही मागं बसवलं आणि जालना रोडनं करमाडकडं निघालो.

गाडीत मी रामेश्वरला विचारलं, आज निळ्या क्रेटात रिजेक्ट खोकी किती टाकलीस?

"चार."

सुकेशनीनं मागून सांगितलं की रिजेक्ट तीनच होती. तिनं स्वतः वहीत लिहिली होती. रामेश्वरचा चेहरा पडला. तो म्हणाला, "तुमी समद्यांनी एक नंबरची इचारली. बिननंबरची कुनी इचारली नाय. लेबल नाय ते निळ्यात टाक आन् तोंड उघडू नको, हे सायेबांनीच सांगितलेलं."

साहेब गाडी चालवत होते, त्यामुळं त्यांना रागवायला हात मोकळे नव्हते. मी सगळं क्रमानं मांडलं. दगडाबाईंनी पहिली पेटी ढकलताना "लाभ" म्हटलं. यंत्राला तिन्ही भाषांतले आकडे येतात, पण खळ्यावरचा आकडा कुणी शिकवलेला नाही. त्यानं "गोंगाट" लिहिलं आणि लेबल चिकटवलं नाही. पेटी उघडीबोडकी पट्ट्यावरून पुढं गेली. रामेश्वरला लेबल दिसलं नाही, त्यानं हुकमाप्रमाणे रिजेक्टमध्ये टाकली. टेम्पो शेडला गेला. आपण आवडाबाईंना विचारलं, एक नंबरचं लेबल आहे का? त्यांनी लेबलं पाहिली आणि खरंच सांगितलं, नाही. प्रत्येकानं आपल्या जागी बरोबर काम केलं. चोर कुणीच नाही.

"मग चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"सांध्याची," मी म्हणालो. "तोफखाना आणि विमानवाले एकमेकांना समजत नाहीत म्हणून आपण पेटी बनवतो. आणि आपल्याच खोलीत दगडाबाई आणि यंत्र यांच्यामध्ये दुभाष्या नव्हता."

शेडमध्ये निळा क्रेट दाराशीच होता. चार खोकी. तीन हलकी. चौथं सुकेशनीनं दोन्ही हातांनी उचललं, त्याच्या वजनावरूनच तिला कळलं आणि तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. तिच्या हातचं सील शाबूत होतं, म्हणजे आतली किल्लीही जागच्या जागी. पाचला दहा कमी होते.

साहेबांनी तिथूनच फौजेला कळवलं. चोरी म्हणून नव्हे. किल्ली भरलेली पेटी लेबलाविना शेडपर्यंत गेली, सील न तुटता परत मिळाली, कारण यंत्राचा शब्दसंग्रह अपुरा. कागदावर कुणाचं नाव नव्हतं. मग त्यांनी वही सुकेशनीपुढं धरली आणि खोली सोडल्याबद्दल तिला सडकून बोलले. ते योग्यच होतं, मी मधे पडलो नाही. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, कुठली कंपनी? तिनं सांगितलं. ते वही मिटून म्हणाले, चांगली आहे. जाण्यापूर्वी यंत्राला "लाभ म्हणजे एक" एवढं शिकवून जा, आणि दगडाबाईंना समोर बसवून शिकव.

परतताना सुकेशनी मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. ती म्हणाली, "रविवारी फोन करीन काका." मी म्हणालो, रविवारी मुलाचा असतो, तू बुधवारी कर. ती हसली. मीही हसलो. माझं हसणं खरं होतं, पण ते छावणीच्या वळणापर्यंतच टिकलं.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. शेजारच्या खोलीत कुणी रेडिओ लावला होता. मी पिठाचा डबा उघडला, माप भरलं, परातीत ओतलं. चार वर्षांत पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणालो, "लाभ."

पुढचं माप भरायची गरज नव्हती. तरी मी ते हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.